फिलिप्पीकरांचं निम्मं पत्र

फिलिप्पी, द्राक्षं तुडवून झाल्यावर, ऑक्टोबर

चिरंजीव पोथोस यास आजीचे अनेक आशीर्वाद.

तू राजधानीत सुखरूप पोचलास आणि मठाच्या लेखनशाळेत तुला उमेदवारीवर घेतलं, हे मला खेचरवाल्याकडून कळलं. तुझ्याकडून नाही. जो दिवसभर लिहितो त्याला आजीला चार ओळी लिहायला हात उचलत नाही, यात नवल ते काय? मासळीवालीच्या घरी रोज कांद्याचंच कालवण असतं.

हे पत्र आपल्या चर्चचे पाद्री पापा-कोस्मास लिहितायत. मी बोलते तसंच लिहा, असं त्यांना बजावलंय. मागे बिशपसाहेबांना अर्ज करायचा होता, तेव्हा मी म्हणाले होते, "चर्चचं छप्पर गळतंय." यांनी लिहिलं, "स्वर्गाचे अश्रू आमच्या मस्तकी झरतात." बिशपसाहेबांनी आशीर्वाद पाठवला. कौलं नाही पाठवली.

(मी शब्दशः लिहीत आहे. — कोस्मास)

तर ईस्टरपर्यंत तुझी उमेदवारी. पोथी नीट उतरवलीस तर तुला कायमचं ठेवणार, नाहीतर घरी. तू साधू होणार नाहीस, नुसता लेखक होणार, हे ऐकून बरं वाटलं. नातसून यायची आशा राहिली. चर्चमध्ये मी दोन मेणबत्त्या लावते, एक तू तिथे राहावंस म्हणून आणि एक परत यावंस म्हणून. कुठली लवकर विझते ते तुला सांगणार नाही.

अंजिरं पाठवली आहेत. पडक्या मोठ्या चर्चच्या आडव्या खांबांवर वाळवलेली, म्हणजे अर्धी देवाचीच. एकटा खा.

आजी

---

राजधानी, नोव्हेंबर

तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

अंजिरं पोचली. एकटा खाता आली नाहीत, शेजारच्या मेजावर लिहिणाऱ्याला वास गेला.

आता पापांना सांग, हे पत्र मोठ्याने वाचा, आणि दार उघडं ठेवून वाचा. आपल्या गावाला पत्र आलंय! पाठवून नऊशे वर्षं झाली.

थट्टा नाही. मला उतरवायला दिलेल्या पोथीत जुनी पत्रं आहेत. आपला धर्म नवा होता, लपूनछपून प्रार्थना करावी लागायची, तेव्हा एका गावच्या मंडळींनी दुसऱ्या गावच्या मंडळींना लिहिलेली. पत्र आलं की गाव त्याची नक्कल करून ठेवायचं आणि शेजारच्या गावाला द्यायचं. मूळ पत्र कधीच उंदरांनी खाल्लं. नक्कल राहिली, मग नकलेची नक्कल. आता त्या साखळीच्या टोकाला तुझा नातू बसलाय, नाकाला शाई लावून.

त्यात एक पत्र निघालं. स्मर्नाचे म्हातारे बिशप, ज्यांना पुढे जाळून मारलं ना, त्यांनी लिहिलेलं. कुणाला? "फिलिप्पीकरांस." मी लेखणी खाली ठेवली आणि ओरडलोच. आमच्या लेखनशाळेत बोलायला बंदी आहे. त्या दिवशी मला कोरडी भाकर मिळाली.

सुरुवातीला ते आपल्या गावाची पाठ थोपटतात. साखळदंडात बांधून नेत होते असे काही पाहुणे आपल्याकडून गेले, त्यांना आपल्या लोकांनी जेवूखाऊ घातलं, वाटेला लावलं, म्हणून त्यांना फार आनंद झालाय. मग सगळ्यांना उपदेश. बायकांनी असं वागावं, तरुणांनी तसं वागावं. आणि विधवांनी (आजी, हे मी पदरचं लिहीत नाहीये) चहाड्या, कुटाळक्या आणि नसत्या चौकशा करू नयेत.

उरलेलं जसं उतरवीन तसं कळवीन.

तुझा पोथोस

---

फिलिप्पी, संत निकोलाओसच्या सणानंतर, डिसेंबर

चिरंजीव पोथोस यास आशीर्वाद.

पापांनी तुझं पत्र दार उघडं ठेवून वाचलं. मग लोकांनी त्यांना ते चर्चमध्ये पुन्हा वाचायला लावलं. विधवांचं आलं तेव्हा अख्ख्या चर्चने वळून माझ्याकडे बघितलं. शेजारची आर्जिरी तर म्हणाली, "ख्रिसीआजी, तुमची कीर्ती नऊशे वर्षांपूर्वीच स्मर्नाला पोचली होती म्हणायची!" मी म्हटलं, "अगं, मी चौकशा केल्या नसत्या तर तुझा वार्दास तुला मिळाला असता का? तो तुझ्या बहिणीला बघायला आला होता." बिचारी तशी चांगली आहे. नवरा तिकडे तुमच्या बंदरात दोरखंड वळतो, आणि ही इकडे एकटी त्याच्या आईशी भांडते.

पण खरं सांगू, पोथोस? गाव बदललंय. आपल्याकडे काय आहे, दलदल, डास आणि पडके खांब. येणारे-जाणारे खेचर पाजतात आणि पुढे जातात. तर कुणीतरी आपल्याला पत्र लिहिलं होतं! आपण कुणाला तरी जेवू घातलं होतं आणि ते कुणाच्या तरी लक्षात होतं! परवा एक हमाल रस्त्याने चालला होता, त्याला तीन घरांतून बोलावणं गेलं. बेड्यांत नव्हता म्हणून लोकांचा थोडा हिरमोड झाला, पण जेवला पोटभर.

आता उरलेलं पत्र लवकर पाठव. आत्तापर्यंत झाला तो नुसता उपदेश. म्हातारं माणूस कामाचं शेवटी बोलतं. आधी नमस्कार, मग उपदेश, मग पाठदुखी, आणि निघता निघता दारात उभं राहून खरी गोष्ट. त्यांना आपल्याकडून काहीतरी हवं होतं, बघ. उगीच कुणी इतकं गोड बोलत नाही.

आजी

---

राजधानी, ईस्टरचे उपवास सुरू व्हायच्या आधी, फेब्रुवारी

तीर्थरूप आजीस नमस्कार.

वाईट बातमी आहे. उरलेलं पत्र नाही.

स्मर्नाचे बिशप बोलताहेत, बोलताहेत, आणि एका वाक्याच्या मधोमध दुसराच कुणीतरी बोलायला लागतो. ओळ तीच, जागा सोडलेली नाही, नवीन मथळा नाही. मी आधी तसाच पुढे लिहीत गेलो. मग वाटलं, हा आवाज कुणाचा? बिशप आपल्याशी बोलत होते, तुम्ही असं करा, तुमच्यातल्या अमक्याला तसं सांगा. हा नवीन माणूस फिलिप्पी कशाशी खातात हेही जाणत नाही. पुढे त्याचं बोकडांवर प्रवचन, मग लाल गाय, मग ससा आणि तरस का खाऊ नये त्याची कारणं. आजी, आपल्याकडे तरस कोण खातं?

मला वाटतं, कुठल्यातरी जुन्या पोथीतून आपल्या पत्राची शेवटची पानं आणि त्या दुसऱ्या पत्राची पहिली पानं गळून पडली. मग कुणीतरी डोळे मिटून सगळं एकापुढे एक लिहून काढलं.

आमच्या लेखनशाळेचे मुख्य निफोनबाबा. त्यांना जाऊन सांगितलं.

"वाक्य लागतं का?" त्यांनी विचारलं.

"लागतं. पण..."

"व्याकरण चुकतं का?"

"नाही चुकत. पण बाबा, माणूस बदलतो."

"माणसाचं तू बघू नकोस. लेखक म्हणजे पाट, पाणी नव्हे. समोर आहे ते लिही. वीस वर्षांत असे हुशार मी फार बघितलेत. ज्याला ज्याला संतांच्या बोलण्यात फट दिसली, त्याने त्याने ती आपल्या अकलेने बुजवली."

त्यांचंही खोटं नाही. पण मला काही बुजवायचं नाही, इथे फट आहे एवढंच दाखवायचंय. ईस्टरच्या आधी ते माझी पोथी तपासायला घेतील. त्या जागी मी काही खूण केली, तर ती चूक धरणार आणि मी घरी. गप्प राहिलो तर जागा माझी. पण मग माझ्या पोथीवरून जो कोणी उतरवील, त्याला इथे काही तुटलंय हे कधी कळणारच नाही. आपल्या गावच्या पत्राचा शेवट म्हणून जग तरसाचं प्रवचन वाचत राहील.

काय करू? तू सांगशील तसं करतो. लवकर कळव.

पोथोस

---

फिलिप्पी, मार्च

चिरंजीव पोथोस यास आशीर्वाद.

पत्र ऐकलं. गावाला अजून सांगितलं नाही. लोक फार आशेवर आहेत, आणि उपवासाचे दिवस, आधीच डोकी तापलेली. पापा-कोस्मास दोन दिवस नीट जेवले नाहीत. म्हणतात, "मी कधी असं करणार नाही. माझी पानं कधी इकडची तिकडे व्हायची नाहीत." आर्जिरीही आज पत्र सांगायला आली आहे, चुलीपाशी बसून आपली पाळी यायची वाट बघतेय. पापांची एकच दौत, आणि दोघींना घाई. खेचरवाला बाहेर बोंबलतोय.

तुझ्या निफोनबाबांवर रागावू नकोस. ज्याच्या हातात दुसऱ्याची वस्तू आहे त्याने भीतभीतच वागावं. पण तू काय करायचंस ते मी सांगते. त्याआधी एक घरातली गोष्ट. अजून कुणाला बोलले नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते, मी आता

पोटुशी आहे. तुझ्या आईला अजून सांगितलं नाही, ती लगेच नाव ठेवायला घेईल, आणि मला तिच्या बापाचं नाव नकोय. चणे खाऊन खाऊन जीव विटलाय. रात्री तुझी फार आठवण येते, पाय गार पडतात. ईस्टरला ये, आणि येताना दाढी नीट करून ये. गेल्या खेपेला धाकटा तुला बघून टोपलीमागे लपला आणि "त्या अस्वलाला बाहेर काढ" म्हणाला. बंदरावरच्या बायकांबद्दल मी ऐकलंय. मी काही म्हणत नाही. फक्त ऐकलंय.

तुझीच बायको

---

राजधानी, मार्च, घाईत

तीर्थरूप आजीस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वैद्य पाठवू की पाळणा?

पहिलं पान तुझं आहे, दुसरं आर्जिरीचं. पापांना फार बोलू नकोस, पण थोडं बोल.

आजी, मग तुझं दुसरं पान कुठे गेलं? मी काय करायचं ते त्यातच असणार. वार्दासकडे गेलं असेल तर विचारायचं कसं, आम्हा उमेदवारांना ईस्टरपर्यंत मठाबाहेर जायला बंदी आहे. निफोनबाबांनी माझी पोथी मागितली आहे. "अजून सुकायची आहे" म्हणून मी वेळ काढतोय. आमच्याकडची शाई इतके दिवस ओली राहत नाही, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक आहे.

पोथोस

---

राजधानी, ईस्टरनंतर, एप्रिल

तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

ख्रिस्त उठला आहे! आणि तुझं दुसरं पानही सापडलं. स्वतःच्या पायांनी चालत आलं.

ईस्टरच्या आठवड्यात मठाच्या दारावर धडाधड धक्के बसले. बाहेर वार्दास, लालबुंद, हातात उशिरा पोचलेलं पत्र, आणि दारावरच्या म्हाताऱ्या साधूवर ओरडतोय, "फिलिप्पीचा तो लिहिणारा कुठाय? बोलवा त्याला! माझी बायको मला दुसरं लग्न कर म्हणते, हे काय लिहिलंय?"

मी धावत गेलो. त्याने मला गचांडी धरली. "बंदरावरच्या वाचणाऱ्याकडून दोनदा वाचून घेतलं! विचारलं होतं, तुझी तब्येत कशी. आणि ती म्हणते..." आणि तो रडायलाच लागला. "मुलगीसुद्धा बघून ठेवलीय म्हणते, पोथोस! म्हणते तिचे दात चांगले आहेत! आर्जिरीचे दात काय वाईट आहेत?"

आरडाओरडा ऐकून निफोनबाबा बाहेर आले. बंदरावरच्या माणसाला दाराशी रडताना बघून त्यांनी पत्र मागितलं. मी माझं आणून शेजारी धरलं. दोन्ही पत्रांची पहिली पानं त्याच दोन शब्दांवर संपत होती. तू म्हणालीस, "तुलाच पहिल्यांदा सांगते, मी आता." आर्जिरी म्हणाली, "तब्येतीचं विचारतोस तर ऐक, मी आता." तिथे लिहायच्या चामड्याचं पान संपलं. पापांनी शेवटचा शब्द बघून दुसरं पान लावलं, आणि दोन्हीकडे बरोब्बर बसलं.

निफोनबाबांनी माझं पत्र मोठ्याने वाचलं. "तुलाच पहिल्यांदा सांगते, मी आता पोटुशी आहे." थांबले. "तुझ्या आजीचं वय काय?"

"सत्तरीला आली, बाबा."

ते हसले नाहीत. पान पुन्हा वाचलं. मग वार्दासचं वाचलं. मग हळूच म्हणाले, "वाक्य लागतंय."

"हो, बाबा."

"व्याकरणही चुकत नाही."

आजी, मला फार बोलावंसं वाटत होतं, पण तुझी शपथ, मी बोललो नाही.

मग त्यांनी तुझं दुसरं पान वाचायला घेतलं आणि दारातच उभं राहून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं, लाजेने मरतो. "ठरवून टाकलंय, तू लग्न करून मोकळा हो. मुलगी बघून ठेवलीय, दात चांगले आहेत, आणि ती धारेला बसली की शेळी हलत नाही." त्यापुढे वाचताना त्यांचा आवाज खाली आला. वार्दासलाही ते तेव्हाच पहिल्यांदा नीट कळलं, बंदरावर दोन्ही वेळा लग्नाच्या पुढे त्याने काही ऐकलंच नव्हतं. तुझेच शब्द तुला पुन्हा लिहून पाठवतो, पापांनी काय लिहिलंय ते तुलाही कळू दे:

"आता तुझं विचारणं. उद्या मी मेल्यावर माझं बोलणं कुणी मध्येच तोडून त्याला दुसऱ्या बाईचं बोलणं चिकटवलं, आणि ख्रिसी असं म्हणाली म्हणून सांगत फिरलं, तर मी कबरीतून उठून येईन. त्या म्हाताऱ्या बिशपांना उठून येता येत नसेल, त्यांची तर राखच झाली. तू तिथे बसलायस. तोंड त्यांचं आहे, त्यांच्या तोंडात तरस घालू नकोस. तू काही नवीन घालू नकोस, बुजवूही नकोस. इथे तुटलं एवढं सांग. जागा गेली तर गेली. शेळ्यांना लिहिणारा माणूस चालतो."

निफोनबाबांनी पान घडी करून मला दिलं आणि आत निघून गेले. मी रात्रभर माझं गाठोडं बांधत आणि सोडत होतो.

सकाळी त्यांनी बोलावलं. पोथी त्याच पानावर उघडून ठेवलेली होती. "मजकुराला हात लागणार नाही. वडीलधाऱ्यांनी एकापुढे एक लिहिलंय, तसंच राहील. कदाचित तू चुकत असशील." मग लाल शाईची दौत पुढे सरकवली. "समास मोकळा आहे."

मी लिहिलं, "इथे पानं गळाली."

"गळताना तू बघितलीस?" बाबांनी विचारलं.

मी खरवडून लिहिलं, "इथे पानं गळाली असावीत. पुढचं बोलणं दुसऱ्या कुणाचं दिसतं. फिलिप्पीकरांच्या पत्राचा उरलेला भाग ज्याला मिळेल त्याने इथे जोडावा."

जागा मिळाली, आजी. आणि आता मठाच्या कोठीतल्या जुन्या पोथ्या चाळून तो उरलेला भाग शोधायचं कामही माझ्याच गळ्यात. अजून काही हाती लागलेलं नाही. बाबा म्हणतात, आशा कमी ठेव, आणि समासातलं पुढचा लेखक उतरवीलच असं नाही, बरेच जण सोडून देतात. हे ऐकून वाईट वाटलं. पण माझ्या पोथीत तरी ते आहे.

वार्दास मला मिठी मारून गेला. बाप होणार म्हणून आता सगळ्या बंदराला सांगतोय. दुसऱ्या लग्नाचंही सांगतोय.

तुझा पोथोस

---

फिलिप्पी, गव्हाच्या कापणीत, जून

चिरंजीव पोथोस यास आजीचे अनेक, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चर्चमध्ये वाचलं. लोक हसून हसून आडवे झाले. पापा-कोस्मास उभेच होते, कान लाल. वाचून झाल्यावर म्हणाले, "आजपासून मी प्रत्येक पानाच्या डोक्यावर माणसाचं नाव लिहीन." आर्जिरी म्हणाली, "आणि पोटाचंही." ती ठणठणीत आहे. वार्दास येऊन गेला, दाढी करून आला होता, तर धाकट्याने या खेपेलाही ओळखलं नाही.

तू लग्नाचं काही लिहिलं नाहीस. त्या शाळेत गप्प राहायची फार सवय लागलेली दिसते. मुलगी अजून आहे. मीही आहे.

हसून झालं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे त्यांनी शेवटी काय विचारलं होतं ते आपल्याला कळणारच नाही?" मग मी म्हणाले, "ते कळेल तेव्हा कळेल. पण पत्र आलं होतं ना? मग उत्तर कुणी दिलं?" कुणालाच माहीत नव्हतं. पापा म्हणाले, दिलंही असेल, गळालंही असेल. मी म्हटलं, असलं तर असू दे, दोन उत्तरांनी कुणी मरत नाही.

मग सगळ्यांनी मिळून उत्तर सांगितलं. फार भांडणं झाली. पत्ता काय लिहायचा यावरच मेंढ्या परत यायची वेळ झाली. पापा म्हणत होते, "स्वर्ग." मी म्हटलं, "स्मर्ना लिहा. स्वर्गात पत्रं कोण पोचवतं? स्मर्नाला जहाज जातं." तुझ्या बंदरातून जाणाऱ्या एखाद्या जहाजावर दे. तिथल्या चर्चमध्ये कुणीतरी वाचून दाखवील. पापांनी शब्दशः लिहिलंय, मी समोर बसून होते.

"फिलिप्पीकरांकडून स्मर्नाच्या बिशपबाबांस नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, माफ करा. तुम्ही आमचं कौतुक केलंत, ते गावाला फार आवडलं. आमच्याकडे सगळे बरे आहेत. पाऊस बरा झाला, छप्पर अजून गळतंय. तुमच्या पत्राचा अर्धाच भाग आमच्यापर्यंत आला, पुढचं वाटेत पडलं. शेवटी तुम्ही आमच्याकडे काहीतरी मागितलं असणार, असं इथल्या म्हाताऱ्यांचं मत पडलं. काय मागितलंत ते आम्हाला ठाऊक नाही. आमचं उत्तर, हो."